पाव ताटाची आजी

मी गल्ल्यावर बसते. आमच्या हॉटेलात आधी पैसे, मग खाणं. एकदा पैसे भरून आत गेलात की मांडलेल्यातलं हवं ते, हवं तेवढं, हव्या तितक्या वेळा घ्या, कोणी विचारणार नाही. त्यामुळे सगळी घासाघीस माझ्या टेबलापाशीच होते, आणि माझं तोंड असं झालंय ते त्यामुळेच. आतली मंडळी मला पाठीमागे तोफ म्हणतात. म्हणू देत. तोफ नसती ना, तर या गिऱ्हाइकांनी भांड्यांसकट हॉटेल संपवलं असतं.

त्यातही लहान मुलं घेऊन येणारे आईबाप म्हणजे एक नमुनाच असतो. काहीजण पोरांना सकाळपासून काही न देता आणतात, म्हणजे पैसे वसूल होतील. मग ते पोर आत शिरल्या शिरल्या लाल जेलीवर तुटून पडतं आणि जेवणाच्या आधीच पोट भरून पेंगायला लागतं. काहीजण दुपारचा स्वस्त दर संपायला आला की येतात आणि संध्याकाळचे भारी पदार्थ बाहेर येईपर्यंत एकच सूप ढवळत बसतात. काहीजण म्हणतात, ‘याचे पैसे कशाला घेता, हा घरून जेवून आलाय, नुसता बसेल.’ नुसतं बसणारं पोर मी तरी अजून पाहिलेलं नाही.

पण मी कोणाला नावं ठेवत नाही. मला स्वतःला तीन मुलं आहेत. कधीतरी पोरांना चांगल्या खुर्चीत बसवावं, आणि ती बोट दाखवतील ते ‘नको’ न म्हणता ताटात वाढावं, एवढंच तर असतं त्या बापाच्या मनात. त्यासाठी तो चार पैशांची चलाखी करतो. करू दे बापडा.

आमचा नियम सोपा आहे. एका मोठ्या माणसामागे एक लहान मूल फुकट. त्यावरच्या मुलाचे पाऊण ताटाचे पैसे. साठी उलटलेल्यांना अर्ध्या दरात ताट, पण मोजताना ते अख्खं माणूस धरायचं. आता नवरा, बायको आणि तीन मुलं आली, तर तिसऱ्याचं पाऊण ताट पडतं. तेच बरोबर आजी असली, तर आजीचं अर्धं ताट आणि तिसरं पोर तिच्या नावावर फुकट. पाव ताट वाचलं. पाव ताटात काय होतं, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही तीन मुलांचे बूट एकाच महिन्यात घेतलेले नाहीत.

तर ती आजी पहिल्यांदा आली ती एका बस ड्रायव्हरच्या कुटुंबाबरोबर. राखाडी स्वेटर, पांढरे केस घट्ट बांधलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने गुंडाळलेली. मी अर्ध्या ताटाची पावती फाडली. पुढच्या रविवारी तीच आजी एक नर्सबाई, तिचा नवरा आणि त्यांच्या तीन मुलांबरोबर. त्याच्या पुढच्या रविवारी पोस्टातल्या एका माणसाच्या तीन मुलांपैकी जुळ्यांना हाताला धरून हजर. आता मी गल्ल्यावर झोपा काढायला बसत नाही.

“आजी,” मी म्हटलं, “तुमचा गोतावळा बराच मोठा दिसतोय.”

“मोठाच आहे,” ती म्हणाली. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

मला हसू आलं. मालकाला सांगायला हवं होतं, मान्य. पण ती खायची किती? वाटीभर सूप आणि पावाचा एक तुकडा. हॉटेलचं काही बुडत नव्हतं. उलट ती ज्या टेबलावर असायची तिथे सांडलवंड नाही, रडारड नाही. बटाटे कुस्करून, फुंकर मारून ती एकेका पोराला भरवायची, आणि तेवढ्यात त्यांचे आईबाप कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा गरम अन्न गरम असताना खायचे. आयुष्यभर तिने शर्टांच्या कारखान्यात बटणं लावली होती. स्वेटरच्या आतल्या बाजूला दोरा ओवलेली सुई टोचलेली असायचीच. कोणा पोराचं बटण लोंबताना दिसलं की तिथल्या तिथे दोन टाके घालून मोकळी. मुलांनीच तिचं नाव बटणआजी पाडलं. निघताना मुलं तिला सोडत नसत. मग त्यांच्या आया पुढचा रविवार सांगून ठेवायच्या, ‘तेव्हा आमच्याकडून बसा हं, दुसऱ्या कोणाला हो म्हणू नका.’

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. ती खुर्ची नेहमी दाराकडे तोंड करून घ्यायची. भरवता भरवता दार उघडलं की हात थांबायचा, मान वर व्हायची. मला वाटायचं, मालकाला घाबरत असेल.

मग एका रविवारी ती आलीच नाही. नर्सबाई दारात वाट बघून शेवटी तिसऱ्या मुलाचे पैसे भरून आत गेली. जाता जाता म्हणाली, आजीला ताप आहे असं ऐकलंय. दुपारची गर्दी ओसरल्यावर मी डब्यात सूप घेतलं आणि पत्ता विचारत तिच्या खोलीवर गेले. का गेले, विचारू नका. माझा स्वभाव तसा नाही.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिची खोली. जिना इतका अरुंद की डबा छातीशी धरावा लागला. आत एक पलंग, एक स्टोव्ह, खिडकीला लावलेलं टेबल. टेबलावर शिंप्याने पाठवलेल्या शर्टांची चळत, आणि बटणांचे डबे, रंगांप्रमाणे लावून ठेवलेले. खालून रबराचा आणि तेलाचा वास येत होता. ती पांघरूण घेऊन पडली होती. मला बघून ‘या’ नाही की ‘बसा’ नाही. पहिला प्रश्न काय, तर, “आज आले होते का हो?”

“कोण?”

मी सूप वाटीत ओतलं, तिला उठवून बसवलं. दोन घोट घेतल्यावर तिचं तिलाच राहवलं नाही.

तिचा मुलगा रंगारी होता. एका इमारतीला रंग देताना परांचीवरून पडला आणि गेला. मागे सून आणि कडेवरचं पोर. सून वर्षभर सासूजवळच राहिली. “मीच म्हटलं तिला, बाई, दुसरं लग्न कर,” आजी सांगत होती. “माझं काय, आज आहे उद्या नाही. तिचं वय काय होतं हो? स्थळ चांगलं मिळालं. माणूस निर्व्यसनी, बायको वारलेली, पदरात दोन मुली. पोराला स्वतःचं नाव द्यायला तयार. पण त्याच्या आईची एक अट होती. पोरगा आमचा होईल, मात्र जुन्या घराशी येणंजाणं नको. पोराला एकच बाप, एकच आजी.”

“आणि तुम्ही कबूल झालात?” माझा आवाज चढला. मला असल्या अटी घालणाऱ्यांचा मनस्वी राग येतो.

“मग काय करणार? पोराचं भलं अडवून ठेवू? तिच्या लग्नालासुद्धा गेले नाही मी. तिच्या नवऱ्याने माझं तोंड पाहिलेलं नाही. पोरगा दीड वर्षाचा होता, त्याला काय आठवणार. सून रडली खूप. म्हणाली, तो मोठा झाला की मी स्वतः त्याला सांगेन, तोवर थांबा. मी म्हटलं, थांबते, पण लांबून बघायला तरी मिळेल का? तेव्हा तिने तुमच्या हॉटेलचं सांगितलं. तिचा नवरा अधूनमधून रविवारी मुलांना तिथे नेतो, मुलं फुकट जेवतात म्हणून. म्हणाली, लांबून बघा, पण ओळख दाखवू नका, नाहीतर मला त्या घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी तिला शब्द दिलाय.”

“मग बाहेर उभं राहून बघायचं. त्याला कशाला ताट लागतं?”

“उभी राहिले होते की. तुमच्या मालकाने हाकललं. भीक मागणारी वाटले असेन. आत बसायचं तर अर्धं ताट. दर रविवारी कुठून आणू? तेवढ्यात तो बसवाला दारात मुलं मोजत उभा होता. बायकोला म्हणत होता, आपली आई असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मी बसते.”

मला वाटत होतं म्हातारी लेकरांची हौस भागवतेय, फुकटचं सूप पितेय. आणि ती तिथे दर रविवारी डोळ्यांत प्राण आणून दाराकडे बघत बसत होती.

“कसा दिसतो?” मी विचारलं.

“आता कसा दिसतो ते मला काय ठाऊक? पण कपाळावरच भोवरा आहे. केस उभेच्या उभे राहतात. त्याच्या बापाचे तसेच होते, कितीही तेल लावा.”

त्यानंतर दाराकडे बघणाऱ्या आम्ही दोघी झालो. उभ्या केसांचं पोर दिसलं की मी पावती फाडायची थांबायची. पण एकाची आई भलतीच म्हातारी, दुसऱ्याला बहीणच नाही. मी आजीकडे बघायची, ती नाही म्हणून मान हलवायची. असे कितीतरी रविवार गेले. ती कंटाळली नाही. मला मात्र त्या सुनेचा राग यायला लागला होता.

दरम्यान मालकाच्या डोळ्यावर गोष्ट आली. एका संध्याकाळी गल्ला मोजून घेताना तो म्हणाला, “ही म्हातारी एका रविवारी याची आजी, दुसऱ्या रविवारी त्याची आजी. आपण काय बावळट आहोत? आणि तुम्ही डोळे मिटून पावत्या फाडताय.”

“मी काय घरोघरी जाऊन नाती तपासू?” मी म्हटलं.

“तुम्ही नका तपासू. मीच विचारतो आता. मोठी माणसं तोंड वर करून खोटं बोलतील. मी पोरांना विचारणार.”

मी आजीला सांगितलं, काही रविवार येऊ नका, मालक टपून बसलाय. ती म्हणाली, “नेमका तेव्हाच तो आला म्हणजे?”

तो रविवार आला. नर्सबाईचं ठरलं होतं, पण तिच्या मुलीला खोकला झाला म्हणून तिने आयत्या वेळी निरोप पाठवला. आजी माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर बसून होती. मी म्हटलं, बसा जरा, गर्दी कमी झाली की जा. मालक आत आचाऱ्याशी भांडत होता. दार उघडलं आणि एक कुटुंब आत आलं. पुढे चौकोनी चेहऱ्याचा, शांत दिसणारा माणूस, त्याच्या दोन्ही हातांना दोन मुली. मागे बायको. तिच्या बोटाला धरून चार वर्षांचा एक मुलगा. केस कपाळावर ताठ उभे.

मी आजीकडे बघितलंच नाही. बघायची हिंमत झाली नाही.

“आम्ही दोघं, मुलं तीन,” तो माणूस म्हणाला.

“तिसऱ्याचं पाऊण ताट पडेल.” माझाच आवाज मला परका वाटला.

“आमची आई असली की बरोबर बसतं बघा. ती माझ्या बहिणीकडे गेलीय.” त्याने खिशात हात घातला आणि थांबला. माणूस कंजूष नव्हता हो, तीन लेकरांचा बाप होता, विचार करणारच. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि त्याची नजर बाकावर गेली. “आजी, एकट्याच आहात का? आमच्यात बसता? तुमचं ताट मी भरतो. तुमचं जेवण होईल, आमचेही थोडे वाचतील.”

बायकोचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. “राहू दे ना,” ती म्हणाली. “देऊ या पाऊण.”

“अगं कशाला? त्यांचंही पोट भरेल की.”

आजी उठली. सुनेकडे तिने पाहिलं नाही. “बसते,” एवढंच म्हणाली. मी झटकन पावती फाडली. न जाणो कोणाचा विचार बदलायचा.

तो माणूस वाकून मुलांना म्हणाला, “आज या आपल्या आजी. कोणी विचारलं तर आजी म्हणायचं, बरं का.”

“खऱ्या आजी?” मुलाने विचारलं.

“खोट्या रे,” मोठी बहीण म्हणाली. “गंमत करायचीय.”

ते कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. मला गल्ल्यावरून सगळं दिसत होतं. मुलगा तिच्या शेजारीच बसला. तिने बटाटा कुस्करला, फुंकर मारली. त्याने वाटाणे एकेक करून ताटाच्या कडेला लावले, तर ती ते उचलून आपल्या तोंडात टाकत होती. त्याने तिला काहीतरी विचारलं आणि ती हसली. इतक्या रविवारांत तिचं मोठ्याने हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी तिने पाव अख्खा खाल्ला, वर भात घेतला. दार कितीदा उघडलं, पण तिने मान वर केली नाही. सून समोर बसून ताटात चमचा फिरवत होती. मध्येच तिने न सांगता पाण्याचा पेला आजीपुढे सरकवला, जसा घरी सरकवत असेल तसा, आणि भान आल्यावर पटकन हात मागे घेतला.

मला वाटलं, देव असलाच तर त्याने आज आचाऱ्याला चांगलं तासभर भांडत ठेवावं. पण मालक बाहेर आला. आजीला बघितलं आणि तडक त्या टेबलाकडे निघाला.

“मालक, सुटे संपलेत,” मी ओरडले. “मालक, इकडे या जरा.”

त्याने हात झटकला. टेबलापाशी जाऊन तो सगळ्यात लहान पोरापुढे वाकला. “बाळा, या कोण रे तुझ्या?”

मुलाने बापाकडे पाहिलं. बापाने मान डोलावली. “आजी,” मुलगा म्हणाला.

“असं? मग घरी तुझ्याजवळच झोपत असतील.”

आता चार वर्षांच्या पोराला एवढं कुठलं कळायला? तो शहाण्यासारखा समजावून सांगायला लागला. “नाही, आमची आजी आत्याकडे गेलीय. या खोट्या आजी आहेत. बाबांनी दारातून आणल्यात.”

आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक हसले. बापाने कपाळाला हात लावला. मालक सरळ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “ऐकलंत? आता तुम्हीच काय ते सांगा, बाई. या मुलाच्या तुम्ही आजी आहात की नाही?”

मी गल्ला उघडा टाकून तिथवर पोचले होते. माझ्या तोंडात शब्द आला होता. एक शब्द बोलले असते तर मालकाचं तोंड बंद झालं असतं. पण मी सुनेकडे पाहिलं. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

“नाही हो,” आजी म्हणाली. “मी यांची कोणी नाही. ताट मिळतं म्हणून बसले.”

“मग पुन्हा या दारात दिसू नका.”

तो माणूस उठला. बिचारा लाजेने लाल झाला होता. “चूक माझी आहे. मीच त्यांना बोलावलं. मी देतो राहिलेले पैसे, त्यांना बोलू नका.” त्याच्या बायकोनेही खुर्ची मागे सारली. “अहो, त्या...” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला.

“बस बाई, जेव,” आजीने तिला तिथेच थांबवलं. “मुलांचं गार होतंय.”

सून बसली. आजीने रुमालाने मुलाचं तोंड पुसलं, दोन्ही गाल, हनुवटी, सावकाश. तो तिच्याकडे बघत होता. आपलं काहीतरी चुकलं, एवढं त्याला कळलं होतं.

“आता आजी म्हणायचं नाही ना?” त्याने विचारलं.

“नाही राजा,” ती म्हणाली. “झाली गंमत.”

ती दाराकडे निघाली. मी तिच्या मागोमाग गेले. मला त्या मालकाला बडवावंसं वाटत होतं, त्या सुनेला गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि डोळ्यांतून पाणी तर थांबतच नव्हतं. दारात मी तिचा दंड धरला. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण तीच बोलली.

“किती स्पष्ट बोलतो हो,” ती म्हणाली. “ऐकलंत ना तुम्ही? घरातून गेला तेव्हा नुसतं ‘आ आ’ करायचा. आता एक शब्द बोबडा नाही.”